उसाच्या उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली आणि गुन्हा जखमी भावावरच नोंदला गेला. नुकसानभरपाई मागता येईल का?

पूर्वभाग यांचा प्रश्न

नमस्कार. माझा मोठा भाऊ, वय ३४, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात जकार्ड मागावर काम करतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मंगळवेढ्याहून सोलापूरकडे दुचाकीने परत येत होता. रात्री नऊच्या सुमारास, दोन ट्रॉल्या जोडलेला आणि उसाने भरलेला एक ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीचा टायर फुटल्यामुळे, रस्त्याच्या डाव्या मार्गिकेतच उभा होता. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, धोक्याचा त्रिकोणही ठेवलेला नव्हता. दुभाजकापलीकडून येणाऱ्या ट्रकच्या प्रखर दिव्यांमुळे डोळे दिपले आणि ट्रॉली दिसली तेव्हा अंतर उरले नव्हते, असे भाऊ सांगतो. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून तो वाचला. परंतु उजव्या पायाचे नडगीचे हाड मोडले, त्यात रॉड घालावा लागला आणि उजव्या खांद्यालाही इजा झाली. पाठीमागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोच्या चालकाने त्याला गाडीत घालून सोलापुरात आणले. त्याच भल्या माणसाने आपल्या मोबाईलवर ट्रॉलीची दोन छायाचित्रेही काढून ठेवली आहेत.

आम्ही दवाखान्यात धावपळ करत असताना ट्रॅक्टरचालकाने पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद दिली. त्यात भावाने 'हयगयीने व निष्काळजीपणे, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात' दुचाकी चालवून उभ्या वाहनाला मागून धडक दिली असे लिहिले आहे, आणि गुन्हा भावावर दाखल झाला आहे. भावाचा जबाब अद्याप कोणी घेतलेला नाही. आता ट्रॅक्टरमालकाचे नातेवाईक घरी येऊन सांगतात की, मागून धडकणाऱ्याचीच चूक असते, तुम्हाला काही मिळणार नाही, तेव्हा ६० हजार रुपये घ्या आणि 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही' अशा मजकुराच्या स्टॅम्प पेपरवर सही करा. दवाखान्याचे बिल याच्या कितीतरी पट झाले आहे आणि ते आम्ही उसनवारी करून भरले आहे. भावाला मजुरी नगावर, आठवड्याला मिळते. पगारपत्रक असे काही नाही. अशा स्थितीत दावा टिकेल का, आणि आत्ता आम्ही नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

न्यायालयमार्ग यांचे उत्तर

मी सोलापूर जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि माझ्या कामाचा मोठा भाग मोटार अपघात दाव्यांचा आहे. येथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे. आपली कागदपत्रे पाहिलेला वकील जे सांगेल त्याला अधिक वजन द्यावे.

सर्वप्रथम स्टॅम्प पेपर. त्यावर सही करू नये. अशा कागदाने दावा आपोआप संपतो असे नाही, पण तोच कागद उलटतपासणीत जखमीसमोर धरला जातो आणि 'तुम्ही स्वेच्छेने मिटवले होते ना?' हा प्रश्न विचारला जातो. समोरच्या माणसाला माणुसकीने मदत करायची असेल तर ती बँक खात्यात घ्यावी आणि पावतीवर 'उपचारासाठी मदत' एवढेच लिहावे. मदत स्वीकारणे आणि हक्क सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच' हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीपासून पोलीस ठाण्यापर्यंत सर्वत्र ऐकू येते, पण तो काही कायद्याचा नियम नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे ठेवण्यास मनाई आहे. रात्रीच्या वेळी महामार्गावर दिव्याविना उभ्या असलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मोटारचालकाची सहभागी निष्काळजी, म्हणजे अपघातात त्याचाही काही वाटा, मानण्यास नकार दिला. त्या प्रकरणातही समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांमुळे डोळे दिपल्याची बाब होती. आपले प्रकरण याच्या बरेच जवळ जाते. अर्थात प्रत्येक दावा आपल्या पुराव्यावर उभा राहतो, आणि मोटार अपघात दावा प्राधिकरणाने, म्हणजे असे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, भावाचाही काही टक्के दोष धरला तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते. दावा फेटाळला जात नाही.

गुन्हा भावावर नोंदला गेला आहे याने खचून जाऊ नये. प्रथम खबर म्हणजे एका माणसाने पहिल्यांदा सांगितलेली हकीकत. ती अंतिम पुरावा नव्हे. मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर फौजदारी खटल्यासारखे 'संशयापलीकडे' सिद्ध करावे लागत नाही, कोणती हकीकत अधिक संभवनीय आहे एवढे पाहिले जाते. मात्र ती एकच हकीकत कागदावर राहिली तर प्राधिकरणापुढे दुसरी येणार कोठून? म्हणून भावाची बाजू आजच लेखी द्यावी. भाऊ बोलू शकत असेल तर त्याच्या सहीने, वेळ, जागा, ट्रॉलीची स्थिती, दिवे व त्रिकोण नसणे, टायर फुटलेला असणे, टेम्पोचालकाने आणणे, असा सर्व मजकूर असलेला अर्ज पोलीस ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ठाण्यात दखल घेतली गेली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे हाच अर्ज सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येतो, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि एक गोष्ट बारकाईने पाहा: पंचनाम्यात ट्रॉली डांबरी भागावर होती की कडेच्या मुरुमावर, आणि कडेपासून किती फुटांवर होती, हे लिहिलेले असते. पुष्कळ वेळा फिर्याद एक सांगते आणि पंचनाम्यातील मोजमाप दुसरेच सांगते. आमचे अर्धे काम तेथेच होते.

मुदतीबद्दल. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेली मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) ची तरतूद अशी आहे की, दावा अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या आधारावर कोणी निर्धास्त राहू नये. नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तो अहवालही दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. पण ज्या अहवालात जखमीलाच दोषी ठरवले आहे त्याच्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही, म्हणून आपला स्वतंत्र अर्ज मे महिना संपण्यापूर्वी दाखल करावा. अपघात कोठेही झालेला असला तरी जखमी जेथे राहतो तेथे दावा करता येतो. त्यामुळे सोलापुरातच काम चालेल. पुढे अपील करण्याची वेळ आलीच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) आपल्या जिल्ह्यासाठी सुरू झाले आहे.

आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. कलम १६४ खाली, कोणाची चूक आहे हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. उसनवारीच्या ओझ्याखाली असलेल्या घराला हा मार्ग साहजिकच सोपा वाटतो. परंतु विमा कंपनीबरोबरच्या तडजोडीच्या प्रक्रियेतून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. म्हणून आधी हिशेब मांडावा आणि मगच निवड करावी.

तो हिशेब साधारण असा असतो. समजा भावाची मासिक कमाई १५ हजार रुपये सिद्ध झाली. वय ४० च्या आत आणि ठरावीक पगारावर किंवा स्वयंरोजगारावर असलेल्या माणसाच्या बाबतीत भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के धरले जातात, म्हणजे २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. वय ३१ ते ३५ या गटासाठी गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, १६ आहे, म्हणजे ४० लाख ३२ हजार. आता उपचार संपल्यावर जर त्याची कमावण्याची क्षमता २५ टक्क्यांनी घटली असे ठरले, तर त्या एका शीर्षाखालीच १० लाख ८ हजार रुपये होतात. उपचाराचा खर्च, घरी बसून बुडालेली मजुरी, वेदना व त्रास, पुढची शस्त्रक्रिया हे सर्व वेगळे, आणि त्यावर व्याजही मिळते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आश्वासन नव्हे. पण ६० हजारांच्या शेजारी ते ठेवून पाहावेत.

येथे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलेला एक मुद्दा जकार्ड मागावरच्या कामगाराला फार उपयोगी पडतो. डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाई घटल्याची टक्केवारी एकच नसते. पायात १५ टक्के दोष राहिलेला कारकून पूर्वीसारखेच काम करू शकतो. आठ-बारा तास उभे राहून, मागाभोवती फेऱ्या मारत, तुटलेला धागा वाकून जोडणाऱ्या माणसाचे मात्र तेवढ्याच दोषाने काम बंद पडू शकते. म्हणून भावाच्या सहकाऱ्याने किंवा मालकाने कामाचे स्वरूप प्राधिकरणासमोर सांगणे हे डॉक्टरांच्या साक्षीइतकेच महत्त्वाचे आहे. पगारपत्रक नसल्याची फार काळजी करू नये. आठवड्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, मालकाची वही, बँक खात्यातील नोंदी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असल्यास तो, आणि यापैकी काही नसल्यास मालकाची साक्ष, यांपैकी जे मिळेल ते गोळा करावे.

वकिलाच्या फीविषयीही लिहितो, कारण दवाखान्याच्या आवारात काही मध्यस्थ फिरत असतात. 'मिळेल त्यातले इतके टक्के' अशी फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ज्यांचे उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत आहे त्यांना, तसेच महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व दिव्यांग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळू शकतो. त्यांचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे आणि १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

भीमाकाठ यांचे उत्तर

माझे स्वतःचे दोन ट्रॅक्टर हंगामात कारखान्याला ऊस वाहतात, त्यामुळे मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. तरीही मला वकीलसाहेबांचे म्हणणे पटते. ट्रॅक्टरमालक घाईने मिटवायला येतो तेव्हा बहुतेक वेळा कारण विम्याच्या कागदात असते. ट्रॅक्टरचा विमा असतो, पण ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी व विमा असावा लागतो आणि तो कित्येकांचा नसतो किंवा संपलेला असतो. काहींचा विमा शेतीकामापुरता असतो आणि वाहन भाड्याने ऊस वाहत असते. अशा वेळी विमा कंपनी हात वर करील आणि रक्कम आपल्याच सातबाऱ्यावर येईल, ही भीती त्याला झोपू देत नाही. म्हणून तुम्ही ट्रॅक्टरचा आणि दोन्ही ट्रॉल्यांचा क्रमांक मिळवा. आपल्या भागातले वाहन एमएच १३ म्हणजे सोलापूर किंवा एमएच ४५ म्हणजे अकलूज परिवहन कार्यालयाचे असेल. परिवहन खात्याच्या मोबाईल अॅपवर क्रमांक टाकल्यास विमा कधीपर्यंत आहे हे कळते.

पुरावा म्हणून एक गोष्ट सुचवतो, जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ऊस कारखान्यावर पोहोचला की वजनकाट्यावर पावती निघते. तिच्यावर वाहनाचा क्रमांक, वाहतूकदाराचे नाव, तारीख आणि वेळ असते. त्या रात्रीचा किंवा दुसऱ्या दिवसाचा हा काटा कोणत्या वाहनाच्या नावे झाला, हे कारखान्याच्या नोंदीत कायम राहते. पुढे कोणी 'आमची ट्रॉली त्या दिवशी रिकामी होती' किंवा 'ती आमची नव्हतीच' असे म्हणाले तर वकिलांना ही नोंद न्यायालयामार्फत मागवता येईल. तसेच चालकाने टायर फुटल्यावर चाकांना लावलेले दगड घटनास्थळी तसेच पडून राहिलेले असतात. ज्या जागी दगड आहेत ती ट्रॉलीची जागा. छायाचित्र काढा, मागे किलोमीटरचा दगड किंवा एखादा फलक येईल असे काढा.

मी माझ्या चालकांना हंगामाच्या सुरुवातीला बसवून सांगतो की लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लावल्या तरी भरलेल्या उसाची वाढे (हिरवे शेंडे) खाली लोंबतात आणि पट्टी झाकली जाते, म्हणून मोळ्या भरून झाल्यावर मागे जाऊन पाहिले पाहिजे. पट्ट्यांना खर्च काही शे रुपयांचा. पण टेपवर गाणी लावायला बॅटरी असते आणि मागच्या दिव्याला वायर नसते, अशी आमच्यातल्या अनेकांची तऱ्हा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

नोंदवही यांचे उत्तर

मी एका रुग्णालयाच्या अभिलेख विभागात काम करते. अपघाताच्या दाव्यांसाठी कागद मागायला येणारे नातेवाईक रोज भेटतात, म्हणून फक्त कागदांविषयी लिहिते.

सर्वात आधी पहिल्या केसपेपरवरची हकीकत वाचा. रुग्ण बेशुद्ध किंवा वेदनेत असतो, सोबत आणणारा माणूस अनोळखी असतो, आणि तातडीच्या कक्षातील डॉक्टर घाईत 'दुचाकीवरून पडून जखमी' एवढेच लिहून मोकळे होतात. वर्षभराने विमा कंपनीचे वकील हेच वाक्य दाखवून म्हणतात की दुसऱ्या वाहनाचा संबंधच नव्हता, हा स्वतः घसरून पडला. नोंद तशी असेल तर खाडाखोड करून घेण्याचा आग्रह धरू नका, कारण खाडाखोड केलेला कागद अधिकच संशयास्पद होतो. रुग्णाने शुद्धीवर आल्यावर सांगितलेली खरी हकीकत त्याच्या सहीच्या अर्जाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे द्या, ती तारखेसह स्वतंत्र नोंद म्हणून लावून घ्या आणि पोच ठेवा. न्यायवैद्यक प्रकरण म्हणून रुग्णालयाने पोलिसांना कळवले होते ना, त्याचा क्रमांकही लिहून घ्या.

बिलांच्या मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत वेगळ्या ठेवाव्यात, कारण औषध दुकानाची छापील बिले काही महिन्यांत कोरी पडतात. त्यांच्या छायाप्रती आजच काढा. औषधाच्या बिलावर रुग्णाचे नाव असले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या टिपणात रॉडच्या कंपनीचे लेबल चिकटवलेले असते, त्या पानाची प्रत अवश्य घ्या. एक्स-रेच्या फिल्म घडी घालून ठेवू नयेत. रिक्षाने फेरतपासणीला नेले तर त्या खर्चाची साधी वही लिहिली तरी चालते, फक्त ती त्या त्या दिवशी लिहावी. कोणाचा आरोग्य विमा असेल तर त्यातून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे. त्यामुळे विमा घेतला होता हे लपवण्याचे कारण नाही.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची घाई करू नये. हाड जुळून उपचार स्थिरावल्यावरच ते काढायचे असते. सरकारी सर्वोपचार रुग्णालयातील मंडळाकडून काढलेले प्रमाणपत्र अधिक विश्वासार्ह मानले जाते, पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही साक्षीला यावे लागते, म्हणून त्यांच्याशी संबंध चांगले ठेवावेत.

वाचणाऱ्या इतरांसाठी एवढे सांगते की, मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी रोखरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. त्यात नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार होऊ शकतो. या घराला ती वेळेवर कळली नाही, तशी ती बहुतेकांना कळत नाही. दाखल करतानाच विचारावे.

विजापूरनाका यांचे उत्तर

एसटीत चालक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. कायद्याचे जाणकारांनी सांगितले. मी रात्रीच्या रस्त्याबद्दल सांगतो, कारण हंगाम अजून संपलेला नाही आणि हे वाचणारे उद्या त्याच रस्त्याने जाणार आहेत.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी गेलेला असतो, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी वाहन थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे एकूण ५५ ते ६० मीटर. डिपरवर असलेला दुचाकीचा दिवा काळी ट्रॉली जेमतेम ४० मीटरवर दाखवतो. हा हिशेब जुळतच नाही. ताशी ५० वर तेच अंतर ३० मीटरच्या आत येते. मंगळवेढा रस्ता, विजापूर रस्ता, पुणे रस्ता, सगळे चौपदरी झाल्यापासून लोकांना वाटते की रस्ता मोठा म्हणजे धोका कमी. पण उसाची ट्रॉली चौपदरी रस्त्यावरही ताशी १५-२०च्या वेगानेच चालते, आणि वेगातला फरक जितका जास्त तितका वेळ कमी.

समोरून प्रखर दिवा आला की नवशिक्या माणूस त्या दिव्याकडेच पाहतो. त्या वेळी नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर न्यावी आणि अॅक्सिलरेटर सोडावा; दिवा निघून गेला तरी डोळ्यांना पुन्हा दिसू लागायला काही क्षण लागतात आणि नेमक्या त्या क्षणांत ट्रॉली पुढ्यात येते. पुढे अंधारात एखादा पट्टा भोवतालपेक्षा अधिक काळा दिसला, किंवा लांबच्या गाडीचे लाल दिवे मध्येच झाकले गेले, तर तेथे काहीतरी आहे असे समजूनच वेग कमी करावा. रस्त्यावर उसाची चिपाडे आणि वाढे पडलेली दिसली तर ती ट्रॉली पुढे नुकतीच गेली आहे. आम्ही जुने चालक यावरून ओळखायचो.

राष्ट्रीय महामार्गावर असे वाहन अडून उभे दिसले तर १०३३ वर कळवता येते. बहुतेक जण शिवी हासडून पुढे जातात, त्याऐवजी हा फोन करावा.

पूर्वभाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाच्या सहीचा अर्ज आम्ही तयार करून दिला असून पोच घेतली आहे. स्टॅम्प पेपर परत पाठवला. आता दोन शंका आहेत. पहिली अशी की, टेम्पोचालक भला माणूस आहे, पण 'साक्ष द्यायला लागली तर माझा धंदा बुडेल, मला पोलीस ठाण्यात सारखे बोलावतील' असे म्हणून घाबरतो आहे. त्याच्यावर दबाव आणणे आम्हाला बरे वाटत नाही. दुसरी अशी की, काल विमा कंपनीकडून आलो आहे असे सांगणारा एक गृहस्थ घरी आला आणि भावाकडून काही लिहून घ्यायचे म्हणत होता. आम्ही त्याला नंतर या म्हटले. त्याला काय सांगावे?

न्यायालयमार्ग

टेम्पोचालकाला धीर द्यावा. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ आणि त्याखालचे नियम जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली होती. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तो स्वखुशीने साक्षीला तयार झाला तर त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या जागी, सोयीच्या वेळी घ्यावा, असे नियम आहेत. दुधाची फेरी आटोपल्यावर सकाळी त्याच्या घरी जबाब होऊ शकतो, हे त्याला सांगून पाहा. तो साक्षीला आलाच नाही तरी त्याने काढलेली छायाचित्रे मूळ स्वरूपात, म्हणजे त्याच्या मोबाईलमधून थेट, मागून घ्या. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतीत वेळ व ठिकाणाची मूळ माहिती राहत नाही. तो मोबाईल विकण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी आपल्याला सांगेल एवढे वचन त्याच्याकडून घ्या.

घरी आलेला गृहस्थ बहुधा विमा कंपनीने नेमलेला तपासनीस असेल. त्याचे येणे बेकायदेशीर नाही, पण त्याच्यासमोर लगेच बोलण्याचे बंधनही आपल्यावर नाही. ओळखपत्र पाहा, त्याचे नाव व कंपनीचे पत्र याची नोंद ठेवा आणि वकीलपत्र दाखल झाल्यावर वकिलांच्या उपस्थितीत या असे नम्रपणे सांगा. 'वेग किती होता?' हा प्रश्न तो नक्की विचारील. भावाला नेमका आकडा आठवत नसेल तर त्याने अंदाजाने आकडा सांगू नये. 'आठवत नाही' हे खरे उत्तर असेल तर तेच द्यावे. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नको, आणि त्याने जे लिहून घेतले त्याची प्रत मिळाल्याशिवायही सही नको. भावाचे हेल्मेट मात्र जपून ठेवा, त्यावरचे ओरखडे पुसू नका. हेल्मेट नसले तरी केवळ तेवढ्याने दोष सिद्ध होत नाही, अपघाताशी संबंध दाखवावा लागतो. पण येथे ते होते, आणि ते दाखवता येते. दुचाकी पोलीस ठाण्यात असेल तर मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी होईपर्यंत ती सोडवून दुरुस्तीला देऊ नका.

भीमाकाठ

एक भर घालतो. ट्रॅक्टरमालकाचा विमा चालू निघाला, तर त्याच्या घरच्यांना कोणीतरी समजावून सांगावे की दावा झाला तरी पैसे विमा कंपनी भरते. चालकाकडे वैध परवाना नसला तरी बहुतेक वेळा कंपनीला आधी जखमीला रक्कम द्यावी लागते आणि नंतर मालकाकडून वसूल करावी लागते, असे आमच्या ओळखीतल्या एका प्रकरणात घडले. हे कळले की गावातून येणारा दबाव पुष्कळसा कमी होतो. माझी त्यांच्या भागात ऊठबस आहे. आपली हरकत नसेल तर मी बोलून पाहतो, नाव न घेता.

पूर्वभाग

हरकत नाही, दादा. मात्र आधी वकीलपत्र दाखल होऊ द्या. येत्या सोमवारी आम्ही विधी सेवा प्राधिकरणात जात आहोत.